रविवारच्या मैफलीचा पोशाख

“कुणाला कळणारसुद्धा नाही,” नेमेत्सबाई तोंडात धरलेल्या टाचण्यांच्या फटीतून म्हणाल्या, आणि आरशासमोर उभ्या असलेल्या मार्लीस वीझिंगरला क्षणभर उमगेना की कुणाला काय कळणार नाही. आपला हिरवा मखमली ड्रेस तिनं फक्त आत घ्यायला दिला होता. वर्षभरात ती बरीच उतरली होती. खांद्यांवरून कापड ओघळत होतं, कमरेपाशी मूठभर सैल सुटत होतं, आणि रविवारी सकाळी नव्या हंगामातली पहिली मैफल होती. कमरेत घ्या, खांद्यांत घ्या, एवढंच तिनं सांगितलं होतं. मग तिनं आरशात नीट पाहिलं. छातीची डावी बाजू उजवीइतकीच भरलेली होती. तिनं बोट लावून पाहिलं. अस्तराच्या आत काहीतरी मऊ होतं, स्पंजासारखं, दाबलं की बसणारं आणि सोडलं की हळूच वर येणारं. नेमेत्सबाई गुडघ्यांवर बसून घेराची कड तपासत होत्या. न मागता भेट दिल्याचा आनंद त्यांच्या डोळ्यांत मावत नव्हता. “मीच घालून टाकलं,” त्या म्हणाल्या. “मापं घेताना पाहिलं ना मी. म्हटलं, तुम्ही कशाला तोंडानं सांगायचं.” मार्लीस म्हणाली, “आभारी आहे.” औषधांच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांना म्हणायची तसंच ते तिच्या तोंडून गेलं. ड्रेस पिशवीत घालून घेऊन ती बाहेर रस्त्यावर आली. वारा होता, झाडांची पानं फुटपाथवर घासत चालली होती, आणि ट्रामच्या थांब्यापाशी पोचेपर्यंत तिच्या लक्षात आलं की आपण पिशवी अंगापासून लांब धरून चाललो आहोत, आतलं काहीतरी चावेल अशी.

ते वाक्य तिचंच होतं. एवढी वर्षं ती काउंटरमागून ते म्हणत आली होती. छाती काढावी लागलेल्या बायका यायच्या, दुकानात दुसरं कुणी नाही असं बघून यायच्या. आवाज खाली असायचा, पर्स छातीशी धरलेली असायची. मार्लीस त्यांना बाजूला नेई, कुठल्या दुकानात चांगलं पॅड मिळतं, कसं धुवायचं, उन्हाळ्यात काय करायचं ते सांगे, आणि शेवटी त्यांच्या दंडावर हात ठेवून म्हणे, “काळजी नका करू, कुणाला कळणारसुद्धा नाही.” त्या बायका मान हलवत. काहींच्या डोळ्यांत पाणी येई आणि मार्लीसला वाटे, आपण किती चांगलं बोललो. आता ट्राममध्ये खिडकीशी बसून तिला त्यातली एक बाई आठवत होती. उंच, नाकेली, रेल्वेत तिकीट तपासणारी. तिनं हे वाक्य ऐकून घेतलं होतं आणि शांतपणे विचारलं होतं, “कळलं तर काय होतं?” मार्लीसला तेव्हा हसू आलं होतं. काय उत्तर दिलं तेही तिला आठवेना. बहुतेक तिनं मलमाची किंमत सांगितली असावी.

घरी लेओपोल्ड, म्हणजे तिचा पोल्डी, स्वयंपाकघरात सफरचंदं सोलत बसला होता. जमीनमोजणीच्या खात्यातून निवृत्त झाल्यापासून शुक्रवारची सफरचंदं भरून भाजायची पातळ पोळीची गुंडाळी त्यानं आपल्याकडे घेतली होती. साल एकसंध निघाली पाहिजे असा त्याचा हट्ट असे. “झालं का नीट?” त्यानं वर न बघता विचारलं. “झालं,” ती म्हणाली. बेडरूममध्ये जाऊन तिनं ड्रेस हँगरवर टांगला, कपाटाच्या दाराला अडकवला आणि पलंगावर बसून त्याच्याकडे पाहत राहिली. रिकामा ड्रेस सगळीकडून खाली लोंबत होता, फक्त डाव्या बाजूला त्याला छाती होती. एकच. जी तिची गेली होती ती. गोल, तरुण, जराशी वर उचललेली, नेमेत्सबाईंच्या कल्पनेतली. पोल्डी हात पुसत दारात आला, त्यानंही ते पाहिलं, आणि त्याचा चेहरा सैल पडला. एखादं बिल अपेक्षेपेक्षा कमी आल्यावर पडतो तसा. “अरे वा,” तो म्हणाला. “फारच छान केलंय.” मग जराशानं, “म्हणजे तुझी सोय झाली.” तिनं विचारलं, “कसली सोय?” तो म्हणाला, “ते दुसरं घालायला नको,” आणि गुंडाळी भट्टीत ठेवायला निघून गेला.

ते दुसरं. छातीच्या जागी घालायचं ते तयार पॅड कपाटाच्या खालच्या खणात त्याच्या डब्यात असे. कामावर जाताना ती ते घालायची, आल्यावर काढायची. जड होतं, दुपारपर्यंत घामानं चिकटायचं, आणि वरच्या फळीवरची बाटली काढायला हात उचलला की स्वतःच्या मर्जीनं वर सरकायचं. तेही चाललं असतं. माणूस कशालाही सरावतो. पण मे महिन्यात ती ते घालून जुन्या हंगामाच्या शेवटच्या मैफलीला गेली होती. शस्त्रक्रियेनंतर, पुढच्या सगळ्या उपचारांनंतर पहिल्यांदाच. महिनोन् महिने ती त्या सकाळची वाट पाहत आली होती. हॉस्पिटलात नळ्या लावून पडलेली असताना तिनं ठरवलं होतं, त्या खुर्चीवर जाऊन बसायचं, वाद्यं सुरात लावल्याचा तो गोंधळ ऐकायचा, तोपर्यंत मरायचं नाही. आणि मग ती तिथं गेली, बसली, वाद्यं वाजायला लागली, आणि तिला काहीच ऐकू आलं नाही. सगळं लक्ष छातीवर. वर सरकलं का. शेजारच्यांना दिसलं का. खांदा जरा झटकला तर जागेवर येईल का. संथ भाग सुरू झाला, संपला. लोक टाळ्या वाजवत उठले. तिनंही वाजवल्या. घरी येताना पोल्डी म्हणाला, “काय सुंदर वाजवलं नाही,” आणि ती म्हणाली, “हो ना.” त्या रात्री ती जितकी घाबरली तितकी डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं तेव्हाही घाबरली नव्हती. छाती नेली ते तिनं मान्य केलं होतं. हे ऐकणं कुणी नेलं ते तिला समजत नव्हतं.

कारण दुसरं काही तिचं स्वतःचं असं नव्हतंच. गावाकडे, सरहद्दीजवळच्या त्या दगडधोंड्यांच्या मुलखात, तिचे वडील खाटीक होते आणि घरात गाणं म्हणजे चर्चचं किंवा रेडिओवरचं. नऊ वर्षांची असताना आई तिला शहरात मैफलीला घेऊन आली होती. पाद्रीबाबांना कुणीतरी तिकिटं दिली होती, ती त्यांनी आईला दिली. आईनं आठवडाभर तयारी केली. शेजारणीचे बूट मागून आणले, त्यांच्या टोकांत कापूस कोंबला, मार्लीसचा रविवारचा झगा रात्री इस्त्री करून खुर्चीवर पसरला. “असं जायचं,” आई तिच्या वेण्या आवळत म्हणाली होती, “की कुणाचं आपल्याकडे लक्ष जाता कामा नये. गाणं ऐकायला जाताना माणसानं दिसायचं नसतं.” आणि त्या दोघीही दिसल्या. काळ्या कपड्यांच्या त्या समुद्रात त्यांचे गावाकडचे झगे, लाल एप्रन, चांदीची बटणं सगळ्यांना दिसली. कोट ठेवायच्या खिडकीपाशी एक बाई दुसरीला काहीतरी म्हणाली आणि दोघी हसल्या. आईची मान लाल झाली, कानांपासून खाली, एप्रनच्या रंगाची. पूर्ण वेळ आई हात मांडीवर घट्ट धरून बसली होती. मार्लीस मात्र ऐकत होती. व्हायोलिनवाल्यांचे सगळे गज एकदम वर जातात आणि एकदम खाली येतात हे तिनं पाहिलं आणि तिला वाटलं, वाऱ्यात आडवं होणारं पिकलेल्या धान्याचं शेत. परतीच्या गाडीत तिनं आईला विचारलं, “तुला काय आवडलं?” आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, “मला नीट ऐकू आलं नाही गं.” मार्लीसला तेव्हा वाटलं होतं, आईचे कान बिघडलेत.

पुढे औषधशास्त्र शिकायला ती शहरात आली तेव्हा ती उभ्यानं ऐकणाऱ्यांत गेली. मागं, कठड्याशी. तिथं कपड्यांचा प्रश्नच नव्हता. तासन् तास रांगेत थांबायचं, दार उघडलं की पळायचं, आणि जागा पकडली की कठड्याला मफलर बांधून ठेवायचा. बांधलेला मफलर कुणी सोडत नसे, मग खुशाल जाऊन पाव खाऊन या. ती थोरल्या भावाच्या स्वेटरमध्ये, चिखलाच्या बुटांत उभी राहायची, कठड्यावर हनुवटी टेकवून. घाम, ओली लोकर, कुणाच्या तरी खिशातल्या सॉसेजचा वास, आणि त्या सगळ्याच्या वर ते. तिथंच एकदा तिच्या मफलरशेजारी एक निळा मफलर अगदी खेटून बांधलेला होता आणि त्याचा मालक टाय लावून आला होता. उभ्याच्या जागेत टाय लावणारा तो एकटा. “माझ्या घरच्यांच्या पुढे खुर्च्या आहेत,” तो लाजत म्हणाला होता, “पण आई फार हलते.” पोल्डीची आई खरंच फार हलायची, पण दुसऱ्यांना हलू द्यायची नाही. लग्नानंतर त्या पिढीजात खुर्च्यांपैकी आपली खुर्ची तिनं मार्लीसला दिली तेव्हा चहाच्या टेबलावर बसवून नियमही दिले. गडद रंग. बाह्या लांब. बांगडी नको, वाजते. रेशीम नको, सळसळतं. अत्तर मुळीच नको. “आणि गळा बंद,” सासू म्हणाली होती. “त्या वादकांना पुढचं दिसत असतं, बाळ.” हिरवा मखमली ड्रेस तेव्हाचाच. मखमल आवाज करत नाही म्हणून. मार्लीसनं तो वर्षानुवर्षं घातला आणि त्याच्या आत ती हळूहळू अशी झाली, की तिला वाटायचं आईची इच्छा पुरी झाली. आपण दिसत नाही.

शनिवारी दुपारी जेवणं झाली, पोल्डी आडवा झाला, आणि मार्लीसनं ड्रेस मांडीवर उलटा घेऊन खिडकीशी बसून शिवण उसवायला घेतली. नेमेत्सबाईंचे टाके बारीक होते, प्रेमानं घातलेले. प्रत्येक टाका तुटताना कट असा आवाज होत होता. ती घाईनं करत नव्हती. आपण काय करतोय हे तिला नीट समजून घ्यायचं होतं. ती कुणाला धडा शिकवायला निघाली नव्हती. झेंडा घेऊन चालणाऱ्यांतली ती नव्हे. दुकानात सोमवारपासून ती पुन्हा ते जड प्रकरण घालेल, कारण तिथं औषध मागायला आलेल्या माणसाला आपल्या दुखण्याबद्दल बोलायचं असतं, तिच्या नव्हे. पण तिथं, त्या दोन तासांत, तिला स्वतःच्या अंगावर पहारा करत बसायचं नव्हतं. आईसारखं हात घट्ट धरून बसायचं नव्हतं. एवढं एकच. एवढ्यासाठी लोकांना बघावं लागत असेल तर त्यांनी बघावं. शेवटचा टाका तुटला आणि तो मऊ गोळा तिच्या हातात आला, गरम, मांडीच्या उबेनं. ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि तिनं तो कचऱ्यात सफरचंदाच्या सालींवर टाकला. परत येऊन अस्तर साध्या धावदोऱ्यानं टाचलं. तिचे टाके वाकडे आले. तिला शिवण कधीच जमली नव्हती.

रविवारी सकाळी पोल्डी टाय बांधत आरशासमोर उभा होता तेव्हा ती मागून ड्रेस घालून आली. मागची चेन अर्ध्यापर्यंतच तिनं ओढली होती. त्यापुढे डावा हात जात नसे. त्यानं आरशात पाहिलं आणि त्याचे हात गाठीवर थांबले.

“ते काढलंस?”

“काढलं.”

“मग दुसरं घाल.”

“नाही घालणार.”

त्यानं टायची गाठ सोडली, पुन्हा बांधायला घेतली. तो विचार करत असला की असं करी. “शाल घे निदान,” तो म्हणाला. “आईची करडी आहे ती.”

“उकडतं तिथं. आणि घसरते ती. मला पुन्हा सगळा वेळ ती सावरत बसायचं नाही, पोल्डी. मे महिन्यात मला एक सूर ऐकू आला नाही. तुला मी खोटं सांगितलं.”

“हे तू आधी बोलली नाहीस.”

“आता बोलतेय.”

तो पलंगाच्या कडेवर बसला. मोठा, रुंद माणूस, पण बसला तो कुठं बसावं ते न समजल्यासारखा. “मार्लीस, तिथं आपल्याला ओळखणारी माणसं आहेत. शेजारच्या खुर्चीवर होफ्राटीणबाई आहेत. तुझ्याकडे लोक बघत राहतील आणि मी शेजारी बसून ते बघायचं. मला नाही झेपायचं ते.”

“त्यांनी बघितलेलं तुला झेपत नाही,” ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, तिला स्वतःलाच त्याचं नवल वाटलं. “सगळं शहर बघेल याची तुला काळजी. तू बघितलंयस का एकदा तरी? मी कपडे बदलायला लागले की तुला बाहेर काम निघतं. दिवा मालवल्याशिवाय तू आत येत नाहीस.”

पोल्डीनं खाली आपल्या बुटांकडे पाहिलं. चकचकीत केलेले होते, शनिवारी संध्याकाळीच. बाहेर चर्चची घंटा वाजायला लागली.

“मग मी नाही येत,” तो म्हणाला.

“बरं.”

“म्हणजे तू मला सोडून जाणार?”

“मी मैफलीला जाणार,” ती म्हणाली. चेन लाव असं त्याला म्हणायचं तिच्या ओठांवर आलं होतं, इतक्या वर्षांची सवय. ती पाठ करून उभी राहायची आणि त्याची थंड बोटं मणक्यावरून वर जायची. ते शब्द तिनं गिळले, उघड्या चेनवरच कोट चढवला आणि जिना उतरली. प्रत्येक पायरीला तिला वाटत होतं, वरून दार उघडेल. दार उघडलं नाही. ट्राममध्ये पाठीवर कोटाचं अस्तर थेट कातडीला लागत होतं, गार, आणि तिला रडू येईल असं वाटत होतं, पण आलं नाही. त्याऐवजी भूक लागली. तिनं कोटाच्या खिशात सापडलेली लिमलेटची गोळी तोंडात टाकली आणि ती पूर्ण विरघळेपर्यंत तिचा निश्चय पुन्हा जागच्या जागी बसला होता.

कोट ठेवायच्या खिडकीपाशी रांग होती. कोट घालून आत सोडत नाहीत हे तिला ठाऊक होतं, तरी रांग पुढे सरकली तशी तिनं कोटाची वरची गुंडी पुन्हा लावली. आईला इथंच हसल्या होत्या त्या दोघी. नेमकी हीच खिडकी होती की पलीकडची, ते आता सांगता आलं नसतं. तिची पाळी आली. तिनं कोट काढला, पलीकडे दिला, बिल्ला घेतला. आता ती तशीच उभी होती, पुढून एका बाजूला सपाट आणि मागून अर्धी उघडी. समोरच्या आरशात होफ्राटीणबाई टोपीची पिन काढत होत्या. त्यांचे यजमान सरकारात मोठ्या हुद्द्यावर होते, होफ्राट हा किताब मिळालेले. ते जाऊन कैक वर्षं झाली तरी किताब बाईंनी ठेवला होता आणि त्यांची खुर्चीसुद्धा. दर हंगामात दोन्ही खुर्च्यांचे पैसे भरत आणि मोकळ्या खुर्चीवर आपली पर्स ठेवत. इतक्या वर्षांच्या शेजारात त्यांनी मार्लीसशी हवामान, वादकांच्या चुका आणि इतर बायकांचे कपडे यांखेरीज कशावर बोलणं केलं नव्हतं.

“बाई,” मार्लीस म्हणाली, “जरा मागची चेन लावता का? माझा हात पोचत नाही.”

होफ्राटीणबाईंनी आरशातूनच तिच्याकडे पाहिलं. “नवरा कुठाय?”

“घरी.”

“आजारी?”

“नाही.”

“मग ठीक आहे,” त्या म्हणाल्या. “फिरा.” त्यांची बोटं हाडकुळी होती आणि अंगठी पाठीला थंडगार लागली. चेन मध्येच अडकली, तेव्हा त्यांनी नवऱ्याच्या कोटाला झटका द्यावा तसा झटका दिला आणि ती मानेपर्यंत गेली. मग त्यांनी खांद्याला धरून मार्लीसला आपल्याकडे वळवलं आणि पाहिलं. लपवून नाही, चोरून नाही. डोळ्यांवरचा चष्मा बदलून पाहिलं.

“हं,” त्या म्हणाल्या. “कधी?”

“गेल्या नोव्हेंबरात.”

“म्हणजे मे महिन्यात तुम्ही सारख्या खांदा उडवत होता तो त्यामुळं. मला वाटलं, बाईच्या झग्यात मुंगी शिरलीय. माझं सगळं ध्यान तुमच्याकडे. तो संथ भाग माझा अख्खा वाया गेला, ठाऊकाय? या वयात किती संथ भाग उरलेत माझे?”

“आज नाही उडवणार,” मार्लीस म्हणाली.

“उपकार होतील,” होफ्राटीणबाई म्हणाल्या. चार पावलं गेल्यावर त्या थांबल्या. “आणि एक. हे कधीतरी कुणी सांगायलाच हवं होतं. हिरवा तुम्हाला शोभत नाही. तुमच्या सासूबाईंची निवड असणार. निळा घ्या.”

मार्लीसला हसू आलं, आणि ते हसू चेहऱ्यावर असतानाच ती दालनातून चालत गेली. लोक बघत होते. तिला वाटलं होतं त्यापेक्षा कमी बघत होते, पण बघत होते. एक तरुण मुलगा, मग चटकन कार्यक्रमपत्रिकेत डोळे. दोन बायका, एकीचं वाक्य मध्येच तुटलं. प्रत्येक नजर गरम वाफेसारखी येऊन लागत होती आणि ओसरत होती. तिला वाटलं होतं आपण जळून जाऊ. पण एका नजरेनंतर दुसरी येईपर्यंत मध्ये वेळ होता, त्या वेळात पाऊल टाकता येत होतं. ती आपल्या रांगेत पोचली. पोल्डीची खुर्ची रिकामी होती. तिनं तिच्यावर काहीही ठेवलं नाही.

मग वादक वाद्यं सुरात लावायला लागले. आधी एका ओबोचा, सनईसारखा बारीक, नाकातला सूर, त्याच्यावर येऊन बसणारे व्हायोलिनवाले, आणि मग तो सगळा गोंधळ, भांडी, पक्षी, बाजार, कुणी कुणाचं ऐकत नाही, आणि सगळं एकाच ठिकाणी जायला निघालेलं. मार्लीसनं हात मांडीवर सैल सोडले. पहिल्या काही मिनिटांत ती स्वतःकडे लक्ष ठेवून होती, ऐकू येतंय ना, येतंय ना, असं दाताच्या डॉक्टरकडे बधिर झालेल्या ओठाला जीभ लावून बघतात तसं. आणि मग कधीतरी ती ते विचारायला विसरली. चेलोंनी एक धून उचलली, खालून, फार खालून, जमिनीतून उपटावी तशी, आणि ती तिच्याकडे यायला लागली. तिला स्वेटरची ओली लोकर आठवली, कठडा, निळा मफलर. आईची लाल मान आठवली, आणि पहिल्यांदाच त्या आठवणीत तिला लाज वाटली नाही, राग आला, आईसाठी, त्या वाया गेलेल्या सकाळसाठी. आई इतक्या लांबून आली होती, बुटांत कापूस कोंबून, आणि तिला ऐकू दिलं नाही कुणी. राग धुनीबरोबर वर गेला आणि धून वळली तसा वळला. शेजारी होफ्राटीणबाई डोळे मिटून बसल्या होत्या, त्यांचं एक बोट पर्सवर हलत होतं, जराशा उशिरानं. संथ भाग आला. तो फार सावकाश वाजवत होते, इतका सावकाश की दोन सुरांमध्ये माणसाला भीती वाटावी, पुढचा येईल की नाही. तो येत होता. मार्लीस श्वास घेत होती, पूर्ण, फासळ्यांच्या तळापर्यंत, आणि तिच्या अंगावरचं काहीही सरकत नव्हतं. तो भाग संपला तेव्हा कुणीतरी खोकलं, आणि तिला जाणवलं की आपला चेहरा ओला आहे. पुसायची तिला घाई वाटली नाही.

मध्यंतरात ती वरच्या दालनात गेली. झुंबरं लागलेली, आरशांत झुंबरं, त्यांच्याखाली ग्लास घेऊन उभी असलेली माणसं. कठड्यापाशी तिला जरा जागा मिळाली. आणि तिथून तिनं खाली पाहिलं तर रुंद जिन्याच्या पायथ्याशी पोल्डी उभा होता. टाय होता, केस वाऱ्यानं विस्कटले होते. तो शोधत होता. एकेका घोळक्याकडे मान वळवून, पाय उंचावून, चुकलेलं मूल शोधावं तसा बायकांचे चेहरे बघत. तिचा हात उंचावला जात होता, तो तिनं थांबवला. हाक मारली असती तर तो धावत वर आला असता, तिच्या डोळ्यांत बघत, फक्त डोळ्यांत, आणि मग शेजारी उभा राहून समोरच्या भिंतीकडे. ती कठड्यापासून दोन पावलं मागे आली, झुंबराच्या ऐन खाली, जिथं जिना चढून येणाऱ्याला ती आख्खी दिसेल, आणि तिथं हात बाजूला सोडून उभी राहिली.

त्याला ती दिसली. तो निम्म्या जिन्यात थांबला. माणसं त्याच्या दोन्ही बाजूंनी वर जात होती, खाली येत होती, एकानं त्याला धक्का देऊन माफी मागितली. पोल्डीनं तिचा चेहरा पाहिला आणि मग त्याची नजर खाली गेली. ती नजर निसटायला बघतेय हे मार्लीसला इतक्या लांबून दिसलं. एकदा ती कठड्याकडे गेली. परत आली. मग ती तिथं थांबली, डाव्या बाजूच्या त्या सपाट हिरव्या कापडावर, तिच्या वाकड्या टाक्यांमुळे जिथं एक चुणी पडली होती तिथं, आणि थांबून राहिली. मार्लीस हलली नाही. त्याला हवा तेवढा वेळ तिनं दिला. त्याचं तोंड जरासं उघडं होतं. मोजणीच्या कामावर तो असा दिसायचा, एखाद्या जुन्या नकाशातली जमीन समोर वेगळी निघाली की. मग तो उरलेल्या पायऱ्या चढून वर आला.

“उशीर झाला,” तो म्हणाला. “आत सोडेनात. दाराशी उभा राहून ऐकलं.”

“काय ऐकू आलं?”

“मोठ्यानं वाजलं तेवढंच. मधे बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं, थांबले की काय.”

“तो संथ भाग होता.”

“असं होय.” त्यानं केसांवरून हात फिरवला. “तुला ऐकू आला?”

“हो.”

त्यानं मान हलवली. पुन्हा तिकडे पाहिलं, या वेळी जवळून. “दुखतं का गं?”

“नाही. बधिर आहे सगळं. बगलेपर्यंत.”

“मला वाटायचं दुखत असेल. म्हणून मी हात...” तो थांबला. “नाही, खरं नाही ते. मी घाबरायचो.”

“माहीत आहे.”

“कशाला ते मला माहीत नाही. अजून घाबरतोय.”

“घाबर,” ती म्हणाली. “पण बघत जा.”

होफ्राटीणबाई त्यांच्या बाजूनं गेल्या, पर्स काखोटीला मारून. “आलात वाटतं,” त्या पोल्डीला न थांबता म्हणाल्या. “दुसऱ्या भागात हलू नका म्हणजे झालं. तुमच्या आईसारखे.”

घंटा झाली. दालन दारांच्या दिशेनं कलायला लागलं. हॉस्पिटलातून घरी आल्या दिवसापासून रस्त्यानं जाताना पोल्डी नेहमी तिच्या उजव्या हाताला चालत आला होता. दुखऱ्या बाजूला धक्का लागायला नको, असं तो म्हणे. आता तिच्या उजवीकडे उभा असलेला तो तिला वळसा घालून आला, गर्दीत जरा अडखळत, आणि डाव्या बाजूला उभं राहून त्यानं आपला दंड पुढे केला. मार्लीसनं डावा हात, जेवढा उचलला जात होता तेवढा, उचलला आणि त्यात घातला. मग पाठीमागून माणसं येत होती, पुढे माणसं होती, आणि त्यांच्या चालीनं, दिव्यांखालून, आरशांसमोरून, ती दोघं आत गेली.